ड्युटीवरून घरी न आलेले: तुमच्या ओळखीतले, लाईनीतले, गावातले पोलीस

लाईनीतली_सई

सकाळी पोळ्या लाटत होते आणि खिडकीतून बिगुल ऐकू आला. घर घेताना मागे पोलीस मुख्यालयाचं मैदान आहे हे बघितलं होतं, पण आज २१ ऑक्टोबर हे डोक्यातच नव्हतं. तो सूर आला आणि हात थांबला, पोळी करपली.

बाबा पोलिसात, सगळं लहानपण पोलीस लाईनीत, म्हणजे पोलिसांच्या सरकारी खोल्यांत गेलं. शेजारच्या खोलीत एक हवालदार काका होते. रविवारी आम्हा पोरांना ओट्यावर ओळीने बसवून पट्ट्याचं बक्कल आणि बटणं घासायला द्यायचे, ब्रासो आणि जुन्या धोतराचं फडकं. ज्याच्या बक्कलात तोंड दिसेल त्याला लिमलेटची गोळी. माझ्या बक्कलात कधी नीट दिसलं नाही तरी गोळी मिळायची. एका पावसाळ्यात नाकाबंदीला गेले आणि एक बिनलाइटचा ट्रक थांबलाच नाही. बाबा पहाटे काकांची टोपी घेऊन आले. काकी रडल्या वगैरे नंतर, पहिलं काय विचारलं तर "डबा खाल्ला होता का त्यांनी?" बाबा म्हणाले, हो वहिनी, खाल्ला. मोठेपणी आईने सांगितलं की डबा तसाच गाडीत सापडला होता. बाबांनी मुख्यालयाच्या नळावर तो रिकामा करून, धुऊन आणला होता.

तुमच्याकडे अशी कोणाची आठवण असेल तर लिहा. पेपरात आलेलीच हवीत असं काही नाही.

खडूफळा

डब्याचं वाचून फोन बाजूला ठेवला. नंतर लिहितो.

मुक्काम_पोस्ट

२१ ऑक्टोबर का, हे खूप जणांना माहीत नसतं म्हणून लिहितो. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैनिकांनी आपल्या पोलिसांच्या तुकडीवर हल्ला केला, १० जवान गेले. तेव्हा ती सीमा पोलीसच सांभाळायचे, सैन्य नंतर आलं. म्हणून देशभर हा पोलीस स्मृतिदिन. वर्षभरात देशात जेवढे गेले त्या सगळ्यांची नावं परेडला वाचतात. मी एकदा शाळेच्या बँडबरोबर गेलो होतो, यादी संपतच नव्हती आणि आमचा ढोलवाला उन्हाने खाली बसला. शोकशस्त्र म्हटलं की सगळ्या बंदुका उलट्या, नळी बुटावर, माना खाली. अंगावर काटा येतो. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय स्मारक झालंय २०१८ ला, काळ्या ग्रॅनाइटचा ३० फुटी दगड आहे. जाऊन या.

गिरगावकर

आम्ही चौपाटीच्या मागेच राहायचो. २६/११ च्या रात्री आधी वाटलं कुठे लग्नाचे फटाके असतील, मग टीव्ही लावला. तुकाराम ओंबळे आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर मारले गेले आणि आम्हाला सकाळी कळलं. हातात नुसती लाठी, समोरून एके ४७, आणि त्या माणसाने नळी धरून ठेवली ती सोडलीच नाही म्हणून कसाब जिवंत सापडला. आधी सैन्यात होते, मग पोलिसात सहायक फौजदार. अशोकचक्र मिळालं. आता तिथे पुतळा आहे. माझी मुलगी पाच वर्षांची असताना विचारते, बाबा यांनी बंदूक का नाही आणली? काय सांगणार, म्हटलं नव्हती. म्हणाली मग यांना सुट्टी का नाही दिली.

कडेकपारी

@गिरगावकर, ओंबळेंच्या नावाचा एक कोळी आहे माहितीये का? आयसियस तुकारामी. उडी मारणाऱ्या कोळ्यांपैकी आहे, ठाणे-कल्याण भागात सापडला, २०२१ ला नाव दिलं.

गिरगावकर

नाही माहीत! लेकीला सांगतो, ती कोळ्यांना घाबरते पण याला झाडू मारणार नाही बहुतेक.

कडेकपारी

घरात उड्या मारतात ते छोटे असतात, चावत नाहीत काही. माझ्या बायकोला हे बारा वर्षं सांगतोय.

सौ_कडेकपारी

मी पण वाचते हां इथे.

खडूफळा

आता लिहितो. मी गडचिरोलीत प्राथमिक शिक्षक होतो. २०१९ ची लोकसभा, ११ एप्रिलला मतदान, आमची पोलिंग पार्टी हेलिकॉप्टरने सोडली आणि तिथून पायी. पुढे मागे जवान. रस्त्याने नाहीच, जंगलातून. माझ्या पुढचा पोरगा असेल पंचविशीचा, तिकडचाच, माडिया आदिवासी घरचा. मी रेंज बघायला जरा बाजूला झालो तर म्हणे "सर, तिकडे नका जाऊ जी, माझ्याच पावलावर पाय ठेवा." दोन दिवस मी त्याच्या बुटांच्या टाचा बघत चाललो. टाचेला एक लाल ठिपका होता, कसला तरी रंग लागलेला. मतपेटी म्हणतो आम्ही अजून सवयीने, यंत्र खरं तर, ते पण त्याने घेतलं माझ्याकडून, "तुम्ही पाणी प्या" म्हणाला.

१ मे ला झेंडावंदन करून घरी आलो आणि बातमी. कुरखेड्याजवळ जांभुळखेडा. आदल्या रात्री दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामाच्या गाड्या जाळल्या होत्या, तिकडे खाजगी गाडीने निघालेले, त्यांच्याच स्फोटात १५ जवान आणि ड्रायव्हर गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आले पासपोर्ट साइझचे. मी एकेक चेहरा बघत होतो आणि मला ओळखताच येईना, कारण मी दोन दिवस त्याची पाठ बघितली होती. नाव विचारलं नव्हतं. तो त्यात होता की नव्हता हे मला आजही माहीत नाही. बहुतेक नसावा, त्याची तुकडी वेगळी होती असं वाटतं. पण १ मे आला की मला टाच आठवते.

लाईनीतली_सई

सर... काय बोलू.

वऱ्हाडी_ठेचा

तिकडं २००९ तर लई वाईट गेलं होतं सर. फेब्रुवारीत मरकेगाव, मे मध्ये हत्तीगोटा, ऑक्टोबरात लाहेरी. सगळे नक्षल हल्ले, एकट्या लाहेरीला १७ पोलीस गेले. आमच्या तालुक्यात तेव्हा भरतीची तयारी करणारी पोरं मैदानावर यायची बंद होतील असं वाटलं होतं, उलट वाढली. गरिबी पण आहे, ते पण खरं.

नाव_नको

बाबा ५४ चे होते. पंचावन्नच्या पुढच्यांना घरी बसायला सांगितलं होतं करोनात, त्यांना आठ महिने कमी पडले. चेकपोस्टवर उभे. घरी यायचे तर गच्चीत झोपायचे, आईने शिडीवर ताट ठेवायचं. शेवटचा फोन दवाखान्यातून, "मोटारसायकलची बॅटरी उतरेल, एकदा सुरू करून ठेव." एवढंच. मी रोज संध्याकाळी सुरू करते अजून, शेजारी ओरडतात.

पन्नास लाखांचं सानुग्रह अनुदान मिळालं, मिळालं हे खरं, पण कागद जमवताना एका टेबलावरचा माणूस म्हणाला की यात शहीद वगैरे नाही हां, आजारपण आहे. मी म्हटलं असू दे, तुम्ही सही करा.

मुक्काम_पोस्ट

@नाव_नको, त्या टेबलवाल्याला सांगा की शहीद हा शब्दच सरकारी कागदात नाही, ना सैन्याच्या ना पोलिसांच्या. केंद्राने स्वतःच हे सांगितलंय माहिती आयोगापुढे. म्हणजे त्याच्याकडे नाकारायला पण काही नव्हतं. बॅटरी सुरू ठेवा.

डबल_सीट

माझ्याकडे वैयक्तिक काही नाही, पण खारचे विलास शिंदे आठवतात का कोणाला? २०१६. वाहतूक हवालदार. बिनहेल्मेटच्या पोराला अडवलं, कागद मागितले, तर पोराने भावाला बोलावलं आणि डोक्यात फळी घातली. आठवड्याने गेले. मी तेव्हा मामाला चुकवून गल्लीतून गाडी काढणाऱ्यातला होतो. त्यानंतर हेल्मेट घालतो, अगदी कोपऱ्यावर दूध आणायला पण. मित्र हसतात.

रोखठोक_७७

सगळं ठीक आहे पण सिग्नलला शंभर रुपये घेतात ते पण लिहा की कोणीतरी.

सौ_कडेकपारी

त्याचा वेगळा धागा काढा भाऊ, मी पण येते लिहायला. इथे नको आज.

रोखठोक_७७

बरं. माझे पण चुलते एसआरपीत (राज्य राखीव पोलीस) होते म्हणा. ते रिटायर होऊन निवांत आहेत.

तिसरी_पिढी

वडील बंदोबस्तात दगड लागून गेले, मी नववीत. वडिलांच्या जागी अनुकंपा नोकरीच्या यादीत नाव लागायला पण वर्षं गेली, वारस दाखला, मग त्यात आईच्या नावात काना चुकला, मग परत. तोपर्यंत लाईनीतली खोली खाली करायची वेळ आली. शेजारच्या सहा खोल्यांनी वर्गणी काढून टेम्पो केला आणि एका काकूंनी भिंतीवरचं माझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघांचं काय करायचं म्हणून वर नवीन कॅलेंडर लावलं, पुढच्यांनी पुसू नये म्हणून. आता मी पण खात्यात आहे. वडिलांचा बक्कल नंबर (पोलिसाचा खात्यातला नंबर) मागितला होता, तो दुसऱ्याला देऊन झाला होता. त्या पोराला एकदा भेटलो बंदोबस्तात. फार काही बोललो नाही, चहा पाजला. त्याला वाटलं असेल हा का चहा पाजतोय.

आज्जीचा_नातू

@लाईनीतली_सई ताई, ती लाईन सोलापूरची का? ओटा आणि नळ वाचून वाटलं. आमच्या लाईनीत नळावरून रोज युद्ध व्हायचं, एक फौजदारीणबाई हंडा लावून स्वयंपाकाला निघून जायच्या.

लाईनीतली_सई

नाही रे, खानदेश. पण हंडा लावून जाणारी बाई प्रत्येक लाईनीत असतेच, आमच्याकडे ती माझी आईच होती.

सोलापुरी_चादर

सोलापूर निघालंच आहे तर, माढा तालुक्यातलं सुलतानपूर, तिथला राहुल शिंदे, एसआरपीचा शिपाई, ताजमध्ये गेला २६/११ ला. गावकऱ्यांनी गावाला राहुलनगर नाव दिलंय. मोठ्या साहेबांची नावं सगळ्यांना पाठ, करकरे, कामटे, साळसकर, असायलाच हवीत, पण ते ज्या गाडीत मारले गेले त्याच गाडीत मागे शिपाई होते, त्यांची नावं विचारली तर आपण गप्प होतो. मी पण झालो, आता शोधत बसलोय.

गिरगावकर

अरुण जाधव वाचले त्यातले. जखमी अवस्थेत मागे पडून होते, त्यांनीच वायरलेसवर कळवलं.

लाईनीतली_सई

सगळं वाचलं, जेवण राहिलं. दुपारी आईकडून काकींचा नंबर घेतला आणि फोन केला. त्या आता लेकाकडे असतात, कमी ऐकू येतं. दहा मिनिटं गुडघेदुखीवर बोलल्या. डब्याचा विषय मी काढला नाही.

नाव_नको

बरं केलंस.

डबल_सीट

पुढच्या वर्षी पुतण्याला परेडला न्यायचंय, आपल्याला आत सोडतात का?

मुक्काम_पोस्ट

आधी मुख्यालयात विचारून घ्या, मला सोडलं होतं. सकाळीच असते. पोराला टोपी घाला आणि पाण्याची बाटली न्या, यादी मोठी असते.