मदत हवी आहे : चीनमधील 'आयपॅड' नावाच्या वादाबद्दल

नमस्कार. ॲपल आणि प्रोव्ह्यू (संगणकाचे मॉनिटर बनवणारा उद्योगसमूह) यांच्यातील 'आयपॅड' या व्यापारचिन्हाच्या (ट्रेडमार्कच्या) खटल्यावर मी विधी महाविद्यालयासाठी टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ॲपलने आपले नाव पुढे न करता एका मध्यस्थ कंपनीमार्फत 2009 मध्ये प्रोव्ह्यूच्या तैवानमधील कंपनीकडून ही व्यापारचिन्हे 35,000 पौंडांना विकत घेतली. परंतु चीनमधील नोंदणी त्याच समूहातील शेनझेनच्या कंपनीच्या नावावर होती आणि करारावर सही मात्र तैवानच्या कंपनीची होती. वाटाघाटींचे ई-मेल शेनझेनच्या कर्मचाऱ्यांशी झाले असूनही शेनझेनच्या न्यायालयाने 2011 मध्ये हा करार त्या कंपनीवर बंधनकारक नसल्याचे ठरवले, तर हाँगकाँगच्या न्यायालयाने त्याच वर्षी अंतरिम आदेश देताना ॲपलच्या बाजूने कौल दिला. अखेर 2012 मध्ये ॲपलने 6 कोटी डॉलर मोजून तडजोड केली. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, हे सहीपूर्वी नीट तपासले गेले असते तर हे सारे टळले असते, असे मला ठामपणे वाटते.

माझा प्रश्न असा : हाच व्यवहार भारतात झाला असता, तर भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 237 मधील प्रतिनिधीच्या दर्शनी अधिकाराचे तत्त्व (प्रतिनिधीला अधिकार आहे असा समज मालकाने करून दिला, तर मालक त्या कृतीला बांधील ठरतो) सहयोगी कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या ई-मेलना लागू झाले असते का? यासंबंधी एखादा भारतीय निवाडा ठाऊक असल्यास कृपया त्याचा संदर्भ द्यावा.