शब्दचर्चा: ‘आर्टिस्टिक रिसर्च’ला मराठीत काय म्हणावं?

मी कोल्हापुरात बी.ए., एम.ए.च्या मुलांना संगीत शिकवते. यंदा त्यांना आर्टिस्टिक रिसर्चची, म्हणजे कला करता करता तिच्यातूनच केलेल्या संशोधनाची, ओळख करून द्यायला घेतली आणि पहिल्याच तासाला शब्दावर अडले. फळ्यावर ‘कलात्मक संशोधन’ लिहिलं, तर एका मुलीनं विचारलं, “म्हणजे प्रबंध सुंदर भाषेत लिहायचा का, मॅडम?” तिचं काहीच चुकलं नाही. कलात्मक मांडणी, कलात्मक दागिने. आपल्याकडे हा शब्द देखणेपणाला चिकटलेला आहे. गाता गाता घेतलेला शोध त्यात येत नाही. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद: ‘कलासंशोधन’ घ्या की. सुटसुटीत आहे.

प्रतिसाद: ‘साधनाधारित संशोधन’ कसं वाटतं?

मूळ लेखिका: ‘साधनाधारित’ ऐकून मुलांना उपकरणं आठवतील. ‘कलासंशोधन’ चांगला आहे, पण त्यात जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांचं चरित्र लिहिणंही बसतं. ते मोलाचं कामच, पण वेगळं.

ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कला आणि डिझाइनच्या संशोधनाचे तीन प्रकार सांगितले. आपल्याकडे ते नुसत्या प्रत्ययांनी उलगडतात: संगीतावरचं, संगीतासाठीचं आणि संगीतातून केलेलं. मला हवाय तो ‘तून’.

माझा एम.ए.चा एक विद्यार्थी ‘संपूर्ण मालकंस’ नावाचा राग गातोय. नेहमीच्या मालकंसात रिषभ-पंचम (रे आणि प) हे स्वर वर्ज्य. इथे दोन्ही घ्यायचे, तरी मालकंस हलता कामा नये. त्याचा प्रश्न एवढाच, की पंचमावर किती थांबलं की रंग उडतो? एकच आलाप तो मोबाइलवर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करतो, दर खेपेला पंचमावरचा मुक्काम थोडा लांबवतो, ऐकतो, वहीत टिपतो. हे उत्तर ग्रंथालयात बसून मिळालं नसतं, आधी गळ्यातूनच यावं लागलं.

प्रतिसाद: मग आमचा रोजचा रियाज संशोधनच झाला की, ताई!

मूळ लेखिका: नाही हो. रियाजात आपण चूक काढून टाकतो. इथे ती मुद्दाम ठेवून तिच्याकडे बघायचं, आणि कसं बघितलं ते दुसऱ्यालाही करून पाहता येईल असं मांडायचं.

प्रतिसाद: खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी बसला आणि बदललेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी घडवली, असं सांगतात. ते काय मग?

मूळ लेखिका: फार मोठा शोध! त्याची वाट मात्र त्यांच्या शिष्यांना तालमीत, समोर बसूनच मिळाली. म्हणून मी तिथे ‘शोध’ म्हणेन. ‘संशोधन’ म्हणताना ती वाट शिष्य नसलेल्यालाही दिसायला हवी. उद्या फळ्यावर ‘संगीतातून संशोधन’ लिहिते, आणि ‘तून’खाली रेघ मारते.