अनुभव धागा : 'पूर्ववत' झालेली बस आणि मेट्रो तुमच्या थांब्यावर कधी पोहोचली?

रविवार, २२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली आणि त्यामागोमाग आलेल्या टाळेबंदीत नागपूरची बस आणि मेट्रो थांबली, हे सर्वांनाच सारखे आठवते. सेवा पुन्हा कशी सुरू झाली, हे मात्र प्रत्येकाला वेगळे आठवते. ऑक्टोबर २०२० मध्ये मेट्रो धावू लागली, बस टप्प्याटप्प्याने आली आणि मार्च २०२१ मध्ये शहरात पुन्हा टाळेबंदी लागली. आपल्या मार्गावर काय परत आले आणि काय आलेच नाही, ते येथे लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

मी नंदनवनला राहतो आणि हिंगणा एमआयडीसीत सकाळी सातच्या पाळीला जातो. बर्डी (सीताबर्डी) ते हिंगणा मार्गावरील लोकमान्य नगर ही मेट्रो २८ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली, तेव्हा आम्हा कामगारांना मोठा आनंद झाला होता. दोन महिने पुरे व्हायच्या आत ती बंद पडली. ऑक्टोबरात ती परतली, पण त्या सुरुवातीच्या वेळापत्रकात पहिली गाडी आमच्या पाळीच्या उपयोगाची नव्हती, आणि पहाटेची जी बस मी अकरा वर्षे धरत होतो ती सुरू झालीच नव्हती. शेअर ऑटोत दोनच प्रवासी बसवत आणि उरलेल्यांचे भाडे आमच्याकडून घेत. यात ऑटोवाल्याचा दोष मी मानत नाही, त्यालाही गाडीचा हप्ता होताच. शेवटी मीही जुनी दुचाकी हप्त्याने घेतली. पहाटेची बस परत आली, तेव्हा माझे सतरा हप्ते बाकी होते. रिकामी बस पाहून लोकांना बस नको आहे, असे कोणी म्हणू लागले की मला ते सतरा हप्ते आठवतात.

कामठीहून, रुग्णालयातील मदतनीस

मी धंतोलीतील एका रुग्णालयात काम करते. आमचे काम एक दिवसही बंद नव्हते. बस सुरू झाल्याचे कळल्यावर मी बर्डीच्या थांब्यावर गेले, तर एकाआड एक आसनावर फुली मारलेली होती आणि उभे राहण्यास मनाई होती. भरलेली गाडी थांब्यावर न थांबता निघून जाई. आतले वीस-बावीस चेहरे आमच्याकडे पाहत जात. रात्री आठला सुटल्यावर शेवटची गाडी मिळेल की नाही, हे चौकात उभे राहिल्यावरच कळे. घरच्यांना फोन करून, "भाजी टाकू नका, मी अजून इथेच आहे," असे सांगण्याची सवय तेव्हा लागली.

माजी वाहक

वरील ताईंची तक्रार खरी आहे. मात्र थांबावे तर आतले प्रवासी ओरडत आणि न थांबावे तर बाहेरचे, हेही नोंदवावेसे वाटते. नोटा मोजताना अंगठा जिभेला लावण्याची आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मास्कने मोडली. मी बँकेत असते तशी ओल्या स्पंजाची डबी घेतली आणि ती तिकीट यंत्राच्या पट्ट्याला दोरीने बांधली. सुट्या पैशांसाठी हात पुढे केला की काही प्रवासी नाणे वरून टाकत आणि ते हमखास आसनाखाली घरंगळे. फुल्या पुढे पुसल्या गेल्या, पण त्या जागेवर बसण्याआधी लोक बरेच दिवस मला विचारत.

उमरेड मार्गावरून, विद्यार्थिनी

महाविद्यालयाचे वर्ग प्रत्यक्ष सुरू झाले आणि लगेच एसटीचा संप आला, त्यामुळे २०२१ ची दिवाळी संपल्यापासून बाबा मला दुचाकीने दिघोरी चौकात सोडत आणि तेथून मी शहर बस घेत असे. बाबांची शेतीची कामे त्या काळात दहानंतरच सुरू होत. मेट्रोचा मला उपयोग नव्हता.

सदर, सेवानिवृत्त

माझा अनुभव थोडा निराळा आहे, म्हणून संकोचत लिहीत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये झिरो माईल आणि कस्तुरचंद पार्क ही स्थानके सुरू झाली आणि दीड वर्ष घरात बसलेला मी नातवासह अजनीपर्यंत उगाचच जाऊन आलो. डब्यात एक तरुण सायकल घेऊन उभा होता. सायकल आत नेऊ देतात, हे मला तेव्हाच कळले. मात्र अजनीला उतरल्यावर माझ्या बहिणीच्या घरापर्यंत नेणारी बस असती, तर तिच्याकडे जाणे इतके अवघड झाले नसते. स्थानकापासून तिच्या घरापर्यंत ऑटोला जेवढे दिले, तेवढ्यात मेट्रोचा प्रवास दोनदा झाला असता.

कामठीहून, पुन्हा

काकांनी लिहिलेले वाचून राहवले नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी उरलेल्या दोन मार्गांचे उद्घाटन झाले आणि मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आली. आता मी काँग्रेस नगरला चढते, चौकात उतरते आणि पुढे कामठीपर्यंत शेअर ऑटो करते. बसपेक्षा पैसे अधिक जातात, पण घरी पोहोचण्याची वेळ सांगता येते. भाजी मात्र घरचे अजूनही माझा फोन आल्यावरच टाकतात.