नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही की घरातल्या जुन्या गाड्या? कोल्हापूरकरांनो, अनुभव सांगा

कसबा बावडा

घरात तीन गाड्या आहेत. २०११ ची डिझेल स्विफ्ट, वडिलांची २००३ ची मारुती ८०० आणि एक स्प्लेंडर. स्विफ्टला आता पंधरा वर्षं होतायत, म्हणजे पुन्हा पासिंग आलं. नेमकं याच वेळी मुलानं महिंद्राची एक्सईव्ही ९ई दाखवायला नेलं. खरं सांगतो, एकदा बसल्यावर उतरावंसं वाटलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही गाडी आली तेव्हा सुरुवातीची किंमत २१.९० लाख होती, आणि ७९ युनिटच्या मोठ्या बॅटरीची सगळ्यात वरची आवृत्ती ३०.५० लाखांना जाहीर झाली होती. पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आयुष्यभराची वॉरंटी आहे.

माझं रोजचं जाणं-येणं शिरोली एमआयडीसीपर्यंत, दिवसाला २२ किलोमीटर. महिन्यातून दोनदा पुण्याला लेकीकडे. सहा लाख हातात आहेत, बाकीचं कर्ज काढावं लागेल. वडील ८०० विकायला तयार नाहीत आणि मलाही त्यांना तसं सांगवत नाही. माहितीपत्रकातले आकडे पाठ झालेत. ज्यांनी स्वतः गाडी घेतली, ठेवली किंवा मोडीत काढली, त्यांनी काय भोगलं आणि काय मिळालं ते ऐकायचंय.

रुईकर कॉलनी

दादा, माझ्याकडे ७९ युनिटचीच गाडी आहे, चौदा महिने झाले. आधी घराचं सांगते, कारण गाडी घेताना याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या मीटरचा मंजूर भार तीन किलोवॅट होता. सात किलोवॅटचा चार्जर लावायचा म्हणजे भार वाढवून घेणं आलं. वायरमन आला तेव्हा त्यानं आधी अर्थिंग तपासलं. वीस वर्षांपूर्वीचं होतं, अजिबात धरत नव्हतं. नवीन खड्डा घेतला, केबल बदलली. यात गाडी दारात येऊनही तीन आठवडे आम्ही साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर होतो. रात्रभर लावून सकाळी निम्मीही भरायची नाही.

आता सगळं बसलंय. रात्री अकराला लावायची, सकाळी तयार. पुण्याला शंभर टक्क्यांनी निघाले आणि नव्वद-शंभरच्या वेगात गेले, की पोचताना निम्मी बॅटरी शिल्लक असते. परतीला मात्र कुठंतरी भरावीच लागते, आणि खरा अनुभव तिथं येतो. दिवाळीत कराडच्या अलीकडं एका चार्जिंग स्टेशनवर माझ्या पुढं तीन गाड्या होत्या आणि दोनपैकी एक गन बंद. एक तास चाळीस मिनिटं गेली. सासूबाई सोबत होत्या, त्यांची औषधाची वेळ चुकली. तेव्हापासून लेकाच्या पुण्यातल्या सोसायटीत लावायची परवानगी काढून ठेवलीय. तुमच्या लेकीच्या पार्किंगमध्ये सॉकेट आहे का, हे गाडीचा रंग ठरवायच्या आधी बघा.

इलेक्ट्रिकला टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर आहे. आपल्या पुण्याच्या रस्त्यावर किणी आणि तासवडे नाक्याला पैसे कापले जातातच.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मात्र फार समाधान वाटतं. वर ३८ टक्के होती, वैभववाडीला ४० दिसली. उतारावर मोटरच वेग धरते आणि बॅटरी भरते, ब्रेकला पाय लावावा लागला नाही.

शिवाजी उद्यमनगर

मी गॅरेजवाला. वडिलांपासूनचं काम, एकतीस वर्षं झाली. माझा धंदा जुन्या गाड्यांवर आहे म्हणून जुनीच ठेवा म्हणतोय असं समजू नका. जे बघतोय ते सांगतोय.

स्विफ्टचं १.३ डिझेल इंजिन फियाटचं. तेच व्हिस्टात, तेच पुंटोत. मारुतीनं एप्रिल २०२० ला डिझेल बंद केलं तरी सामान मिळायची अडचण नाही, इतकी इंजिनं रस्त्यावर आहेत. इंजेक्टर आणि टर्बो दाखवून घ्या. टायमिंग चेनचा सकाळी पहिल्या स्टार्टला खळखळ आवाज येतोय का, तेवढं ऐका.

८०० चं वेगळं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपल्याच उसाचं आहे, कारखान्याला त्याचा आधार आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप, सील, पंपातल्या चकत्या ह्या इंधनासाठी केलेल्या नव्हत्या. ते फुगतात, चिरतात. सगळे पाइप एकदम बदलून टाका, खर्च फार नाही. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी करू नका. वडील आठवड्याला एकदा रंकाळ्याला फेरी मारतात ना? मारू द्या. गाडीसाठी तेच औषध आहे.

इंजिन आम्ही कधीही करून देऊ. एखादा बुश मिळाला नाही तर शेजारी लेथवर करून घेऊ, उद्यमनगरात काय होत नाही? पण पत्रा कुजला की गाडी संपली. खालचं कार्पेट उचलून बघा. ड्रायव्हरच्या पायाखाली आणि दाराच्या खालच्या पट्टीला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर माझ्याकडं या.

मंगळवार पेठ

माझ्याकडे २००१ ची ८०० आहे. यजमान गेल्यावर मी पन्नासाव्या वर्षी तिच्यावरच गाडी शिकले. वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झालंय. पंधरा ते वीस वर्षांच्या गाडीला पाच हजार आहे. त्यावर पर्यावरण कर वेगळा. पासिंग पुढच्या पाच वर्षांचं मिळतं. पुष्कळांना वाटतं की पंधरा वर्षांनी गाडी बंदच होते. दहा वर्षांच्या डिझेलवरचे निर्बंध दिल्ली परिसरातले आहेत, आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली तर चालते.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते तेव्हा मी दरवर्षी जाऊन उभी राहते. नव्वद वर्षांच्या घरातली गाडी. तिला कुणीतरी जपलंय, पुसलंय, चालू ठेवलंय. तुमच्या वडिलांची ८०० त्यांच्यासाठी तशीच असेल. तिला हिशेबात धरूच नका, एवढंच सांगते.

नागाळा पार्क

पुराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या पार्किंगमध्ये पाणी सीटपर्यंत आलं. माझी ओम्नी आत होती. पाणी ओसरल्यावर चावी न लावता ओढून नेली, सगळी तेलं बदलली, सीटा उन्हात घातल्या, वायरिंग सोडवून वाळवलं. बाराव्या दिवशी गाडी चालू. शेजाऱ्यांची दीड वर्षाची पेट्रोल गाडी सीटखालच्या यंत्रणेत पाणी गेल्यामुळं विमा कंपनीनं पूर्ण नुकसानीत काढली. पैसे मिळाले, पण चार महिने गेले.

इलेक्ट्रिकच्या बॅटरीत पाणी शिरू नये अशी रचना असते, ते मला मान्य आहे. पण पुरात चार-चार दिवस उभी राहण्यासाठी कुठलीच गाडी केलेली नसते. माझ्या भावानं इलेक्ट्रिक घेतल्यावर एक नियम केलाय: जून ते सप्टेंबर चार्जिंग साठ टक्क्यांखाली येऊ द्यायचं नाही. पंचगंगा इशारा पातळीला आली की गाडी विद्यापीठाच्या बाजूला उंचावर नेऊन लावायची. कारण पाणी आलं की आधी वीज जाते. हेही खरं सांगायला हवं की २०१९ ला महामार्ग बंद पडला आणि आमच्याकडच्या पंपांवर पेट्रोलही संपलं होतं. तेव्हा दोन्हींची अडचण सारखीच.

कळे

आमच्यात कमांडर जीप हाय. ऊस, गवत, माणसं, सगळं तीच वढती. घरची लाईट पावसात दोन-दोन दिस नसती, मग चार्जिंग कशावर करायचं? थोरल्याला इलेक्ट्रिक पायजे म्हणून त्यो भांडालाय. त्याला म्हटलं शहरात घर बांध, मग घे.

इचलकरंजी

मी मधला रस्ता काढला. जुनी नेक्सॉन इव्ही घेतली, तिसऱ्या वर्षातली. कंपनीची बॅटरी वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर होती, त्यातली पाच वर्षं शिल्लक. बॅटरीची तब्येत तपासल्याचा कागद घेतल्याशिवाय पैसे दिले नाहीत. रोजचं सूतगिरणीला जाणं-येणं तिच्यावर, पुण्याला जुनी डिझेल. तुमचं रोजचं अंतर बघता याचाही विचार करा.

ताराबाई पार्क

बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर अकरा वर्षं होतो. भाऊ, तुमच्याच आकड्यांनी मांडतो. पंचवीस लाख, नऊ टक्के, सात वर्षं: हप्ता ४०,२०० च्या आसपास. सात वर्षांत व्याजच पावणेनऊ लाखांवर जातं.

आता चालवण्याचा खर्च. महिन्याचं अंतर साधारण १,४७० किलोमीटर. स्विफ्ट लिटरला वीस देत असेल तर साडेत्र्याहत्तर लिटर, म्हणजे पावणेसात हजारांचं डिझेल. इलेक्ट्रिकला गळती धरून २७० युनिट, बारा रुपये दरानं सव्वातीन हजार. महिन्याला वाचले साडेतीन हजार. स्विफ्टच्या दुरुस्तीला आणखी चार हजार धरा, तरी हप्त्याच्या पाचव्या भागापर्यंतही पोचत नाही. दिवसाला दीडशे किलोमीटर फिरणाऱ्याचं गणित वेगळं येतं. तुमचं नाही येत.

मी अनेकांना कर्जं दिली आणि हप्ता थकल्यावर त्याच माणसांसमोर बसलो. गाडी आवडली म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या, आवड ही लहान गोष्ट नाही. पण वाचवण्यासाठी घेतोय असं घरात सांगू नका.

कसबा बावडा

सगळ्यांचं दोनदा वाचलं. ताराबाई पार्कच्या साहेबांचा हिशेब कागदावर उतरवून मुलासमोर ठेवला. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "आधी अर्थिंग तरी करून घेऊ." वायरमनला बोलावलंय. मंजूर भार वाढवायचा अर्जही देतोय, पुढंमागं लागणारच आहे. लेकीला फोन केला, तिच्या पार्किंगमध्ये सॉकेट नाही. सोसायटीच्या सभेत विषय मांडते म्हणाली.

रविवारी ८०० चं कार्पेट उचललं. वडील टॉर्च धरून उभे होते. डाव्या बाजूला ठीक होतं. ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. ते काही बोलले नाहीत, खाली वाकून बोटानं भोकाची कड चाचपत राहिले.

सोमवारी स्विफ्ट पासिंगला नेतोय. ८०० गुरुवारी उद्यमनगरात आणतो, पत्रा आणि सगळे पाइप एकदमच करू. वडील विचारतायत, रविवारी जोतिबाला जाण्याइतकी होईल का?