मलाक्का, १५११: जिंकलेला पूल पोर्तुगिजांनी का सोडला?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
आमच्या अभ्यास मंडळात येत्या रविवारी मलय द्वीपकल्पावरच्या मलाक्का बंदराच्या पाडावावर मला बोलायचे आहे. २५ जुलै १५११ रोजी पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कच्या सैन्याने नदीवरचा पूल घेतला, सुलतान महमूद शाहचे हत्ती भाल्यांनी बिथरवून परतवले, आणि तरीही संध्याकाळी सगळे जहाजांवर परतले. यामागे भीती होती की हिशेब, याचा जाणकारांनी खुलासा करावा.

उत्तर (महाल)
भीती म्हणता येणार नाही. हजार-बाराशे माणसे, त्यांत काही मलबारी. दिवसभर उन्हात लढून थकलेली आणि विषारी बाणांनी घायाळ झालेली. रात्रभर पूल राखायचा तर दोन्ही टोकांना मोर्चे हवेत, आणि ते अंधारापूर्वी उभे राहिले नाहीत. घेणे वेगळे आणि राखणे वेगळे. १८१७ मध्ये सीताबर्डीची लहान टेकडी भोसल्यांच्या अरब सैनिकांनी इंग्रजांकडून घेतली आणि त्याच दिवशी गमावली, हे आपल्या गावानेच पाहिले आहे.

उत्तर (रामदासपेठ)
आपल्याकडे समुद्र नसल्यामुळे भरतीचा मुद्दा हमखास निसटतो. एका तीरावर मशीद व राजवाडा, दुसऱ्या तीरावर व्यापारी पेठ; पूल हाती आला की शहराचे दोन तुकडे होत. १५०९ पासून तेथे कैदेत असलेल्या पोर्तुगीज रुई द अराउजोनेही पुलावरच भर दिला होता. म्हणून दुसऱ्या वेळी अल्बुकर्कने एक उंच जंक, म्हणजे चिनी बांधणीचे व्यापारी जहाज, तोफा चढवून पुढे काढले. त्यावरून पुलावर वरून मारा करता येत होता. ते वाळूत रुतले, मोठ्या भरतीची वाट पाहण्यात दिवस गेले, आणि १० ऑगस्टला ते पुलाला भिडले. या खेपेस मोर्चे आधी बांधले गेले. महिनाअखेरपूर्वीच शहर पडले.

उत्तर (सदर)
वरील दोन्ही उत्तरे मान्य, परंतु सगळे श्रेय जंकेला देऊ नये. १५१० मध्ये सुलतानाने आपला बेंदाहारा, म्हणजे मुख्य प्रधान, तुन मुताहिर याला ठार करविले होते. हिंदू व्यापारी निना चातू पोर्तुगीज कैद्यांना मदत करीत होता. शिवाय पोर्तुगीज लुटून निघून जातील, अशा समजुतीने सुलतान आतल्या मुलखात थांबला. ते गेले नाहीत. मशिदी आणि राजघराण्याच्या कबरींचे दगड काढून त्यांनी किल्ला बांधायला घेतला.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. सीताबर्डीचा दाखला उचलतो. जंक मात्र फळ्यावर नदीचा काटछेद काढूनच समजावीन.