अनुभव धागा: भट्टीवरची नानकटाई, कुकरातला केक आणि दिवाळी-नाताळची इतर भाजकामं

चारोळीवाली
काल लिफ्टमध्ये शिरले आणि कुणाच्या तरी घरातून तूप-वेलदोड्याचा भाजका वास आला. चौथ्याऐवजी सहाव्या मजल्यावर उतरले, इतकी गुंगले.

सातारा, 1986 किंवा 87. दिवाळीच्या आधी आठवडाभर बेकरीवाला नानकटाई भाजून द्यायचा. मैदा, पिठीसाखर, तूप आपलं. भट्टी आणि ट्रे त्याचे. रात्री पाव निघाले की नंबर लागायचे. आई तिथेच परात मांडून बसायची. थंडीने तूप गोठलेलं, ते तळहाताने फेसायचं. पांढरं, हलकं होईपर्यंत हात थांबवायचा नाही. मग पाण्याच्या वाटीत त्यातला एक थेंब टाकायचा, तरंगला तरच मैदा घालायचा. ट्रे ओळखायला प्रत्येकीची खूण वेगळी. कुणाचा बेदाणा, कुणाचा बोटाचा ठसा, आमची चारोळी.

त्या वर्षी अजून कुणीतरी चारोळी लावली होती. घरी येऊन आईने तुकडा तोंडात टाकला आणि गप्पच झाली. आमची डालड्याची होती, ही साजूक तुपातली! "आता कुणाची म्हणून परत द्यायची?" असं म्हणत तिने पितळी डब्याचं झाकण लावलं. प्रत्येक पाहुण्यापुढे बशी ठेवताना "यंदा तूप बरं मिळालं हो" हे मात्र न चुकता.

टाका आपापले किस्से.

खमंग_काकडी
म्हणजे आमची साजूक तुपातली तुम्ही खाल्लीत तर! आम्ही साताऱ्याचे नाही, पण तरी संशय घ्यायला काय जातंय.

उंबरठा
पितळी डबा म्हणजे श्रीमंती. आमच्याकडे 15 किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा, वर्तमानपत्र घालून. तळातल्या नानकटाईवर अक्षरं उमटायची. भावाने एकदा वाचून दाखवली होती.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात नाताळ म्हणजे बेबिंका. शेजारच्या आंटीकडे मी पाट घेऊन बसायचे. नारळाचं दाट दूध, साखर, मैदा आणि अंड्यांचा नुसता पिवळा बलक. एक पळी ओतायची, वर झाकण, झाकणावर निखारे. ऊब वरूनच हवी. थर लालसर झाला की तूप सोडून पुढचा. सात थरांना अख्खी दुपार जायची. मधेच कुणी हाक मारली तरी आंटी उठत नसे, "हो थर करपतलो" म्हणायची.
चवथीला आमच्या नेवऱ्या (करंज्या) त्यांच्याकडे, नाताळला त्यांची कोन्सुआदा (गोडाधोडाचं ताट) आमच्याकडे: बेबिंका, दोदोल, कुलकुलं. ताट रिकामं परत द्यायचं नाही. काहीच नसलं तर आई साखर घालून द्यायची.
हल्ली ओव्हनची फक्त वरची कॉइल चालू ठेवून करते. जमते, पण निखाऱ्याचा धुरकट वास कुठून आणू?

पाव_किलो
गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनच्या झाकणाची काच कुठे मिळेल? आईचा आहे, टाकवत नाही.

वायरमन
2006 च्या आसपासचं भारनियमन आठवा. वेळापत्रक बघून केक लावला, त्यांनी अर्धा तास आधी वीज घालवली. केक मधोमध बसला. बायकोने खड्ड्यात जाम भरून नाताळच्या पार्टीला नेला, तिथे सगळ्या कृती मागायला लागल्या. दोन वर्षं ती मुद्दाम खड्डा पाडायची.

खमंग_काकडी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

न्यूजर्सीची_सून
माझ्या साबा (सासूबाई) दिवाळीला आल्या होत्या. मी ऑफिसात. त्यांनी वहीत बघून नानकटाईला ओव्हन 180 वर लावला. वही सेल्सियसची, ओव्हन फॅरनहाइटचा! म्हणजे जेमतेम 82 अंश सेल्सियस. घरी आले तर ट्रेमध्ये तुपाचं तळं आणि त्यात चारोळ्या. त्या बिचाऱ्या "तुमच्या इथलं तूपच पातळ" म्हणत होत्या. मी "हो ना आई" म्हटलं. अजून सांगितलेलं नाही, कृपया इथून पोहोचवू नका.

घारगे_प्रेमी
@न्यूजर्सीची_सून तिथे थँक्सगिव्हिंगला भोपळ्याची पाय (pie) करतेस का गं? मी डब्यातला भोपळ्याचा गर आणते, अर्ध्याची पाय, उरलेल्यात गूळ आणि कणीक घालून घारगे. पायमध्ये दालचिनीबरोबर जायफळ-वेलदोडा जरा सढळ घालते. माझा मुलगा तिला "चौकोनी घारगा" म्हणतो. पाय गोल असते, पण तो आमच्यावर गेलाय.

शिट्टी_काढली_का
कुकरात मीठ पसरून केक करणाऱ्यांनो, शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचं असतं. मी फक्त शिट्टी काढली होती. तीन दिवस घरात टायर जळाल्याचा वास. यापुढे माझं नाव वाचून प्रत्येकाने तपासा.

सोवळंओवळं
आमच्याकडे अंडं आत यायचं नाही. मी आणि काकू मागच्या गच्चीवर स्टोव्ह नेऊन केक करायचो, आजीला "दुधाचा" सांगायचो. ती दोन तुकडे खायची. एका नाताळात म्हणाली, "टरफलं कागदात नीट गुंडाळून टाका गं, खालची बघते." बस्स, एवढंच.

चारोळीवाली
@सोवळंओवळं आजी __/\__

हिमवर्षाव
म्युनिकहून. इथे नाताळाआधी श्टोलन (सुक्यामेव्याचा पावासारखा केक) करतात. रममध्ये भिजवलेले बेदाणे, बदाम, संत्र्याच्या पाकवलेल्या साली. गरम असतानाच लोणी चोपडायचं आणि पिठीसाखरेत बुडवायचा. मुरायला दोन-तीन आठवडे ठेवायचा असतो. शेजारीणबाईंनी मला नोव्हेंबरअखेर करायला लावला. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी संपला. दुसऱ्या खेपेला माझ्याकडे संत्र्याच्या साली नव्हत्या, मी टुटीफ्रुटी घातली. शेजारीण बराच वेळ त्या हिरव्या तुकड्यांकडे बघत होती.

नाचणी_निष्ठ
नाचणीची नानकटाई कुणी केलीये? माझी उचलली की वाळू होते.

घारगे_प्रेमी
नुसत्या नाचणीत चिवटपणा नसतो गं. निम्मी कणीक घाल. आणि ट्रेमधून गरम असताना उचलू नकोस, पूर्ण गार होऊ दे. वाटीचं माप: 1 तूप, 1 पिठीसाखर, 2 पीठ. माझं तरी बिघडलेलं नाही.

उंबरठा
गुळाची पावडर चालेल का? यजमानांची साखर वाढलीये

नाचणी_निष्ठ
@उंबरठा गुळाने साखर कमी होत नाही हो, फक्त रंग बदलतो. दोन खाऊ द्या, डबा तुमच्याकडे ठेवा.

पाव_किलो
काचेचं कुणी सांगेल का??

वायरमन
पुण्यात असाल तर बोहरी आळी. झाकण बरोबर न्या, व्यास सांगून उपयोग नाही. मी सांगून गेलो होतो, आता माझ्याकडे एक जादाची काच आहे. साडेसहा इंच. बसते का बघा, येऊन घेऊन जा, केक करून घेऊन या.