मदत हवी आहे: १९५३ च्या धर्तीचे गिर्यारोहकांचे लोकरी हातमोजे कसे विणायचे?

नमस्कार मंडळी,

हा धागा विणकामात टाकावा की भटकंतीत, कळेना. शेवटी इथे टाकतेय.

भाच्याच्या गिर्यारोहण मंडळाने २९ मेला छोटंसं प्रदर्शन ठरवलंय. एव्हरेस्टच्या पहिल्या चढाईत वापरलं तसं सामान मांडायचं आहे. "मावशी, तू विणतेसच की," म्हणून हातमोजे माझ्या गळ्यात पडले.

हिलरींनी शिखर गाठलं त्या दिवशी तीन जोड्या एकावर एक घातल्या होत्या: आत रेशमी, त्यावर लोकरी आणि सगळ्यात बाहेर वारा अडवणाऱ्या कापडाची. रेशमी तयार मिळाली. बाहेरची टेलरकडून जाड, घट्ट विणीच्या सुती कापडाची शिवून घेतली (त्याने दोनदा विचारलं, "ताई, हे ओव्हनसाठी का?"). घोडं अडलंय मधल्या जोडीवर.

पहिली जोडी पाच बोटांची, हाताला अगदी बेतून विणली. दिसायला झकास! पण वर कापडी मोजा चढवला की मूठ वळत नाही आणि पाच मिनिटांत बोटांना मुंग्या येतात. भाच्याने मटारच्या पिशव्या बाहेर काढून फ्रीझरमध्ये हात घालून पाहिला, तर म्हणे बोटं उघडी असल्यासारखी गार पडली.

मग वाचलं की ऑस्ट्रियातले डाखस्टाईन मिट (चार बोटं एकत्र असलेले जाड लोकरी हातमोजे) मुद्दाम मोठे विणून गरम पाण्यात आटवतात. म्हणून अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असे दीडपट मोठे विणले, साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास चोळले. तसूभर आटले नाहीत! दुकानदाराने "प्युअर वूल" म्हणून दिली होती लोकर. काय चुकतंय? आणि बोटं वेगळी ठेवू की एकत्र?

प्रतिसाद १

ताई, त्या लोकरीचा एक धागा तोडून चिमट्यात धरून जाळा. वितळून काळा टणक मणी झाला तर ॲक्रिलिक. केस जळल्याचा वास येऊन राख बोटांत चुरगळली तर खरी लोकर.

खरी असूनही आटत नसेल तर लेबलवर 'सुपरवॉश' लिहिलंय का बघा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं यांनी ते एकमेकांत अडकतात आणि वीण घट्ट बसते. काश्मिरी नमदा (लोकर दाबून केलेलं जाजम) असाच होतो. सुपरवॉशमध्ये हे खवले घालवलेले किंवा लेप देऊन झाकलेले असतात, मग कितीही चोळा.

दीडपट वगैरे अंदाज करू नका. आधी १० सेंमीचा चौकोन विणून आटवा आणि मोजा. सुयांवरची वीण रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते, म्हणून बोटांकडे ओळी वाढवा.

प्रतिसाद २

बोटं एकत्रच ठेवा. सुटं बोट चहूबाजूंनी गार होतं, एकत्र असली की एकमेकांना ऊब देतात. आणि सैल हवेत. लोकर ऊब देते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. तुमची पहिली जोडी वरच्या कापडाने दाबली गेली, हवा गेली, रक्तही नीट पोचेना, मुंग्या त्याच्याच. थर थर घालायची युक्ती १९५३ च्याही आधीची. १९२४ साली एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या गिर्यारोहक मॅलरींचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा अंगावर रेशीम, सूत, लोकर आणि गॅबर्डीन (घट्ट विणीचं कापड) असे थर होते.

रेशमी जोडीला दुय्यम समजू नका. जाड मिट काढून कॅमेरा किंवा बूट-क्रॅम्पॉनचे (बर्फासाठी बुटांखाली बांधायच्या टोकदार खिळ्यांच्या सांगाड्याचे) पट्टे हाताळायचे तर थिजलेल्या धातूला उघडी कातडी लागता कामा नये.

आणि मनगटाला नाडी लावाच. ३ जून १९५० रोजी अन्नपूर्णेचं ८,०९१ मीटर उंच शिखर गाठून उतरताना मॉरिस एर्झोग यांनी पाठपिशवी उघडायला हातमोजे काढले, आणि ते उतारावरून घरंगळत गेले. पिशवीत जास्तीचे पायमोजे होते, तेच हातात घालता आले असते. पण त्या उंचीवर डोकं इतकं मंद चालतं की ते सुचलंच नाही. हिमदंशाने हातापायांची बोटं गेली. मोहिमेचे डॉक्टर उदो परतीच्या वाटेवरच ती कापत होते.

मूळ प्रश्नकर्ती

जाळून बघितला. मणी! चांगला टणक, मोहरीएवढा. दुकानात नेऊन दाखवला तर म्हणे "मिक्स असेल थोडं".

आता खऱ्या लोकरीच्या शोधात आहे; स्वेटरची जुनी उसवलेली लोकर आईच्या ट्रंकेत आहे, तिचा चौकोन उद्या आटवते. भाच्याला एर्झोगांचं सांगितलं, तर तो आता हातमोज्यांशेजारी पायमोज्यांची जोडीही मांडायची म्हणतोय. म्हणजे तीही मीच विणायची.

नाडी बाहीतून पाठीमागून दुसऱ्या हातापर्यंत नेऊ की प्रत्येक मनगटाला वेगळी फास-गाठ देऊ?